पिवळ्या तळहाताचं कारण

दत्ता खांबेटे पिवळा पडला तो एका बुधवारी सकाळी, लिफ्टमध्ये, सहाव्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध. आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी कळली ती नरसिंहरावांना.

नरसिंहराव म्हणजे 'कावेरी कृपा' अपार्टमेंटच्या असोसिएशनचे अध्यक्ष. सर्जापूर रोडवरच्या ह्या इमारतीत कावेरीच्या पाण्याचा थेंबही आजवर आलेला नाही, सगळा संसार टँकरवर चालतो. पण नावात कृपा मागून ठेवायला काही लागत नाही. नरसिंहरावांचं घराणं पाच पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून बंगळुरात आलं. चिक्कपेटेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. पितळेत जन्म गेल्यामुळे पिवळ्या रंगाच्या बाबतीत आपली नजर चुकत नाही, असं ते सांगत.

गच्चीवरची टाकी बघून ते लिफ्टने उतरत होते. सहाव्यावर आत आलेल्या दत्ताने तळघराचं बटण दाबायला हात पुढे केला आणि नरसिंहरावांनी तो मनगटाला धरून दिव्याखाली नेला.

"दत्ताण्णा, ही कावीळ की हो!"

"छे! दिवा पिवळा आहे."

"दिवा पांढरा आहे. मीच बसवलो, गेल्या महिन्यात."

दत्ताने हात सोडवून घेतला आणि तळघरात गाडीकडे गेला. गाडीचं दार उघडेपर्यंत अठ्ठ्याऐंशी बिऱ्हाडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी गेली होती आणि तिच्याखाली एकेचाळीस जोडलेले हात आले होते. त्यातले निम्मे हात असे होते, की ज्यांना दत्ता दिसला की पाठीमागे जायची सवय होती.

त्याला कारण होतं. दत्ता महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत टेस्टिंग मॅनेजर होता. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायचा त्याला पगार मिळे, आणि घरी आल्यावर तेच काम तो फुकट करी. पाण्याचा पंप, पार्किंगच्या रेघा, गणपतीच्या पत्रिकेतलं ऱ्हस्व-दीर्घ, काहीही त्याच्या तावडीतून सुटत नसे. "माणूस हुशार आहे," असं सगळे म्हणत. पण ज्या सुरात 'कुत्रं गुणी आहे, बांधून ठेवा' म्हणतात, त्या सुरात.

त्याच्या हुशारीचं अगदी ताजं गिऱ्हाईक म्हणजे चौथ्या मजल्यावरची शाल्मली. ही मुंबईहून आलेली सत्तावीस वर्षांची मुलगी स्वतःला वेलनेस कोच म्हणवून घेई आणि 'तेजोकॅप' नावाच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या विके. चार महिन्यांपूर्वी तिने क्लबहाउसमध्ये भाषण ठेवलं होतं.

"बघा ना, लोखंडाला जसा गंज चढतो, तसा आपल्या सेल्सना आतून गंज चढत असतो," ती म्हणाली. "अँटिऑक्सिडंट म्हणजे त्या गंजावर उपाय."

"मग रेड ऑक्साइडचा एक हात मारून घेऊ का?" दत्ता मागच्या रांगेतून म्हणाला.

लोक हसले, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. एवढं प्रोत्साहन दत्ताला वर्षभर पुरत असे. त्याने उभं राहून वीस मिनिटं तिची उलटतपासणी घेतली. आकडे कुठे आहेत? किती जणांवर प्रयोग केला? ज्यांना गोळी दिली नाही त्यांचं काय झालं? शाल्मलीजवळ आकडे नव्हते. तिच्याजवळ एकच वाक्य होतं, आणि ते तिने तीन वेळा म्हटलं: "काका, प्रत्येकाची बॉडी वेगळी असते."

सत्तेचाळिसाव्या वर्षी सर्वांदेखत 'काका' झाल्यामुळे दत्ता आणखी पेटला. "वा! म्हणजे गुण आला तर गोळीचा, नाही आला तर बॉडीचा दोष. असल्या धंद्यात माणूस बुडेलच कसा?"

त्याचं म्हणणं खोटं होतं असं नाही. पण बरोबर बोलणाऱ्या माणसाचं बोलणं बरोबर असूनही कुणी ऐकत का नाही, ह्याचा तो एक नमुना होता. भाषण संपलं तेव्हा बावीस बाटल्या खपल्या. त्यातल्या दोन दत्ताच्या बायकोने, सुचेताने घेतल्या. एक पाचव्या मजल्यावरच्या लक्ष्मीदेवींनी, म्हणजे नरसिंहरावांच्या मंडळींनी घेतली.

तीन आठवड्यांनी लिफ्ट बंद पडली आणि सुचेता सहा मजले एका दमात चढून आली. एरवी दोन जिन्यांत तिचे गुडघे बोलायला लागत. आता ती दारात उभी राहून, धाप न लागता, "कोथिंबीर विसरले" म्हणाली आणि परत खाली गेली. उलट लक्ष्मीदेवींना त्याच बाटलीने काहीही झालं नाही. नुकसान नाही, फायदा नाही, साधा ढेकरही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना आठ दिवस पोटात कळा आल्या. म्हणजे एक गोळी, एक इमारत, एकच टँकरचं पाणी, आणि तीन माणसांच्या तीन तऱ्हा. दत्ताने ह्यावर ग्रुपमध्ये मोठा लेख लिहिला. तो कुणी वाचला नाही.

आणि मग ऑफिसात एक प्रसंग घडला. दत्ताच्या हाताखाली ध्रुव नावाचा एक सव्वीस वर्षांचा इंजिनिअर होता. टीमच्या सहलीचे फोटो बघताना तो अगदी निर्मळ मनाने म्हणाला, "सर, तुम्ही वडिलांना पण आणलं होतं?"

फोटोत दत्ताच होता.

त्या संध्याकाळी त्याने सुचेताच्या बाटलीतली एक गोळी घेतली. चव बघायला म्हणून. दुसऱ्या दिवशी आणखी एक घेतली. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं, हे काही शास्त्राला धरून नाही. सुचेताचं वजन चोपन्न किलो, आपलं शहाऐंशी, तेव्हा दोन घेणंच योग्य. तिच्या बाटलीतल्या गोळ्या कमी झालेल्या लक्षात येतील म्हणून त्याने ऑफिसच्या पत्त्यावर आपल्या स्वतंत्र बाटल्या मागवल्या आणि त्या लॅपटॉपच्या बॅगेत, चार्जरच्या कप्प्यात ठेवल्या. बाटलीवरचं लेबल मात्र त्याने वाचलं नाही. क्लबहाउसमध्ये आकडे मागणारा हा माणूस लेबल का वाचत नव्हता? तर ते वाचणं म्हणजे त्या पोरीच्या धंद्याला गंभीरपणे घेणं झालं असतं. खाल्लेलं चालतं, वाचलं की मान्यता दिल्यासारखं होतं.

असे दोन महिने गेले आणि तो बुधवार उगवला.

संध्याकाळी दत्ता घरी आला तेव्हा इमारतीने त्याच्या आजारपणाचा कब्जा घेतलेला होता. कावीळ म्हटल्यावर प्रत्येकाला एकेक मावशी आठवली, जी डॉक्टरांनी सोडलेली असताना कशाने तरी बरी झाली होती. लक्ष्मीदेवींनी पपई पाठवली. तिसऱ्या मजल्यावरून गाजराचा रस आला, लिव्हर धुऊन निघतं म्हणून. तळमजल्यावरच्या सोयराबाईंनी लाल भोपळ्याचं सूप पाठवलं आणि 'रोज एक वाटी, विसरायचं नाही' असा निरोप दिला. दत्ताने सगळ्यांना मनातल्या मनात अडाणी ठरवलं आणि सगळं संपवलं, कारण गाजराचा रस खरोखर चांगला झाला होता. शिवाय लिव्हरलाच गंज चढला असेल तर, ह्या विचाराने त्याने गोळ्या दोनाच्या चार केल्या.

गोळ्यांमुळेच हा रंग आला असेल, असं त्याच्या मनात का आलं नाही, असं कुणीही विचारील. आलं होतं. पण त्याने तर्काने ते निकालात काढलं. सुचेता हीच गोळी त्याच्या आधीपासून घेत होती आणि तिचे तळवे होते तसेच होते. आणि टेस्टिंगमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस एक गोष्ट पक्की जाणतो: आत टाकलेलं सारखं असेल, तर बाहेर येणारं सारखंच यायला हवं. नसेल तर चूक दुसरीकडे आहे.

तेव्हा चूक दुसरीकडे शोधायची ठरली. शनिवारी असोसिएशनची तातडीची सभा झाली.

"कावीळ म्हणजे पाणी," नरसिंहराव म्हणाले. "आपला संप तपासून घ्यायला पाहिजे."

बंगळुरात जमिनीखालच्या टाकीला संप म्हणतात. दत्ता नवीन आला होता तेव्हा एकदा वॉचमनने फोन करून 'संपात पाणी नाही' असं सांगितलं होतं आणि दत्ताने त्याला विचारलं होतं, "कोण गेलंय संपावर?" आता अकरा वर्षांनी त्याला संप हा शब्द कळत होता, 'स्वल्प' म्हणजे थोडं हे कळत होतं, आणि 'गोत्तिल्ला' म्हणजे माहीत नाही, हे तर तो स्वतःही म्हणू शकत होता. कानडीतली त्याची प्रगती एवढ्यावर थांबली होती.

पण त्या सभेत तो खुलला. टँकरच्या पाण्याबद्दल तो दोन वर्षं ओरडत होता. आता त्याच्याजवळ पुरावा होता. तो त्याने दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवला. "नुसतं तपासून काय होणार?" तो म्हणाला. "वॉर्डाच्या आरोग्य खात्याकडे लेखी तक्रार करा. माझ्या नावाने करा. मी सही करतो."

"दत्ताण्णा, स्वल्प थांबा," नरसिंहराव म्हणाले. "सरकारी माणूस एकदा आत आला की चहा पिऊन जात नाही. मुक्काम करतो."

"तुम्हांला पाण्याची काळजी आहे की टँकरवाल्याची?"

नरसिंहरावांनी कागद पुढे सरकवला. सही झाली.

सोमवारी आरोग्य निरीक्षक आले. रविकुमार त्यांचं नाव. सडपातळ, शांत, कधीही आवाज न चढवणारे गृहस्थ. त्यांनी संपातल्या पाण्याचा नमुना घेतला, दत्ताचे तळहात बघितले, फॉर्म भरला, आणि संपाच्या झाकणाला कुलूप घालून त्यावर लाखेचं सील ठोकलं. मग त्यांनी कानडीत दोन मिनिटं सगळं नीट समजावून सांगितलं.

"काय म्हणाले?" दत्ताने विचारलं.

"पाणी वापरायचं नाही म्हणाले."

"एवढंच? दोन मिनिटं?"

"बाकीचं नुसतं 'सार, सार', म्हणजे साहेब, साहेब होतं," नरसिंहराव म्हणाले.

तर आता टँकर येई, पण त्याचं पाणी ओतायला टाकी नाही. तो फाटकाशी उभा राही आणि अठ्ठ्याऐंशी बिऱ्हाडं बादल्या आणि कॅन घेऊन रांगेत उभी राहत. मोठमोठ्या कंपन्यांतले लोक, अमेरिकेशी व्हिडिओवर बोलता बोलता एका हाताने पाइप धरत. पहिल्याच दिवशी कुणाची तरी बादली लिफ्टमध्ये कलंडली, पाणी खालच्या यंत्रात गेलं आणि लिफ्ट बसली. प्लंबर बसवंत म्हणाला, लिफ्ट माझ्याकडे नाही. लिफ्टवाला म्हणाला, पाणी माझ्याकडे नाही. मग लोक जिन्याने पाणी वाहू लागले. ग्रुपवर दत्तासाठी जोडलेले हात एकेचाळिसावरून नवावर आले, आणि गुरुवारी एकही उरला नाही.

ह्या सगळ्यात दत्ता अजून डॉक्टरकडे गेला नव्हता. "आधी पाण्याचा रिपोर्ट येऊ दे," असं त्याचं म्हणणं. शेवटी सुचेताने त्याला ओढतच मारतहळ्ळीला डॉक्टर मेघाश्रींकडे नेलं. डॉक्टरीण बाईंनी त्याची खालची पापणी ओढली आणि म्हणाल्या, "डोळे पांढरेशुभ्र आहेत. कावीळ आधी डोळ्यांत दिसते." रक्त तपासलं. काविळीत वाढतं ते बिलिरुबिन अगदी नॉर्मल.

"म्हणजे कावीळ नाही?" सुचेताने विचारलं.

"नाही. कसल्या गोळ्या, सप्लिमेंट वगैरे घेता का?"

दत्ताने तोंड उघडलं, पण सुचेता आधीच हसली होती. "हा? हा काय घेणार! ते मी घेते. ह्याने त्या गोळ्यांवर व्याख्यान दिलंय."

डॉक्टरीण बाई दत्ताकडे बघत राहिल्या. दत्ता म्हणाला, "नाही. मी काही घेत नाही."

माणूस खोटं बोलतो ते बहुधा फायद्यासाठी. दत्ता खोटं बोलला तो चार महिन्यांपूर्वीच्या टाळ्यांसाठी. त्याची शिक्षा म्हणून त्याची सोनोग्राफी झाली, थायरॉइड झालं, आणि एका तरुण डॉक्टरने त्याच्या तळपायांचे फोटो काढून घेतले. सगळं नॉर्मल निघालं. त्याच दिवशी पाण्याचाही रिपोर्ट आला. पाणी स्वच्छ होतं.

आता संप उघडायला हरकत नव्हती, असं साध्या माणसाला वाटेल. दत्ता आणि नरसिंहराव दोन्ही रिपोर्ट घेऊन वॉर्डाच्या ऑफिसात गेले. रविकुमारांनी दोन्ही कागद मन लावून वाचले, दत्ताचे तळहात पुन्हा बघितले आणि मान हलवली. मग बराच वेळ बोलले.

"काय म्हणतात?"

"नाही म्हणतात."

"नरसिंहराव, नीट सांगा!"

"सांगतो की. असं आहे. तक्रार आली काविळीची. कावीळ झाली असेल तर बरी झाल्याचा दाखला पाहिजे."

"पण झालीच नाही!"

"सरी, बरं. झाली नसेल, तर मग हा पिवळा रंग कशाचा, ते डॉक्टरने लिहून द्यायला पाहिजे. फॉर्मवर कारणाचा रकाना आहे. तो रिकामा असला की फाइल बंद होत नाही. फाइल बंद झाल्याशिवाय सील निघत नाही."

"'कारण अज्ञात' लिहा म्हणावं."

नरसिंहरावांनी विचारलं. रविकुमारांनी अतिशय सौम्यपणे उत्तर दिलं.

"अज्ञात म्हणजे साथ असू शकते म्हणतात. मग अख्खी बिल्डिंग तपासतील. अठ्ठ्याऐंशी घरांचे हात."

आयुष्यभर दुसऱ्यांना 'पुरावा द्या, कारण द्या' म्हणत आलेल्या माणसाला कुणी तरी त्याच्याच भाषेत विचारलं होतं. दत्ताला तो माणूस मनातून आवडला, आणि त्यामुळे त्याचा आणखीच संताप झाला.

परत येताना नरसिंहराव फाटकाशीच थांबले आणि दत्ता जिन्याने वर निघाला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर लक्ष्मीदेवी पायरीवर बसल्या होत्या. शेजारी पाण्याचे दोन कॅन. चेहरा लाल झालेला, पदराने वारा घेत होत्या. वय सहासष्ट. दत्ताने घाईने कॅनला हात घातला.

"बेड, बेड, नको," त्यांनी त्याचा हात धरला. "अण्णा, आजारी माणसाने वजन उचलायचं नसतं. मी स्वल्प बसते, मग जाते."

"अक्का, मी आजारी नाही."

"असंच म्हणतात सगळे. आमचे मोठे दीर पण असंच म्हणत होते." मग त्यांनी पिशवीतून एक डबा काढून त्याच्या हातात दिला. "वर येऊन तुमच्याकडे देणारच होते. भोपळ्याची भाजी आहे. सगळे तुम्हांला बोलतात, मला बरं वाटत नाही. आजार काय कुणी मुद्दाम आणतं का?"

दत्ता डबा हातात धरून उभा राहिला. डबा गरम होता. लोकांच्या शिव्या त्याने आठवडाभर पचवल्या होत्या. शिव्या देणारा आपल्याहून मूर्ख आहे असं मानलं की त्या पचतात. हे काही पचेना. त्याने डबा बॅगेत ठेवला, आणि चार्जरच्या कप्प्यातली बाटली हाताला लागली. मग अक्का नको नको म्हणत असताना त्याने दोन्ही कॅन उचलले, पाचव्या मजल्यावर त्यांच्या दारात ठेवले, आणि तसाच उलट पावली खाली उतरून रिक्षाने मारतहळ्ळीला गेला.

डॉक्टर मेघाश्रींनी बाटलीचं लेबल वाचलं. ते वाचायला त्यांना चष्माही लागला नाही.

"ह्यात बीटा-कॅरोटिन आहे. गाजरात असतं ते. रोज किती घेता?"

"दोन. म्हणजे आता चार."

"आणि जेवणात?"

दत्ताने गाजराचा रस, पपई आणि भोपळा सांगितला. डॉक्टरीण बाई खुर्चीला टेकल्या आणि छताकडे बघून हसल्या.

"पण बायको हेच घेते," दत्ता जवळजवळ ओरडलाच. "तिला काही होत नाही! सारख्या गोळ्या!"

"एकच घेतात त्या. आणि शरीर सारखं नाही ना. काही जणांचं शरीर ह्या कॅरोटिनचं भराभर अ जीवनसत्त्व करून टाकतं. काहींचं फार हळू करतं. जन्मतःच तसं असतं. तुमचं हळू असावं. मग उरलेला रंग कातडीत साठतो. तळहात, तळपाय, नाकाच्या बाजूला. बंद केलंत की दोन-तीन महिन्यांत जाईल. धोका नाही. तुम्ही सिगारेट ओढत असतात, तर मात्र मी आत्ता हसले नसते, ओढणाऱ्यांना ह्या गोळ्यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो."

"म्हणजे ती मुलगी म्हणत होती, प्रत्येकाची बॉडी वेगळी असते..."

"ते तर खरंच आहे."

"आणि सुचेताचे गुडघे? ते गोळीने बरे झाले?"

"ते मी नाही सांगू शकत. त्या काही नवीन करत होत्या का त्या महिन्यात?"

दत्ताला आठवलं. सुचेताने त्याच महिन्यात लक्ष्मीदेवींबरोबर सकाळी फिरायला जायला सुरुवात केली होती. मग फिरण्याने म्हणावं, तर लक्ष्मीदेवीही रोज तेवढंच चालत होत्या आणि त्यांचे गुडघे होते तिथेच होते. त्याने विचार सोडून दिला आणि दाखला मागितला.

दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी रविकुमार फाइल घेऊन आले. टँकर फाटकाशी उभा होता, त्यामुळे निम्मी इमारत बादल्यांसह हजर होती. दत्ताने दाखला घडी घालून गुपचूप त्यांच्या हातात दिला. पण रविकुमार पडले नियमाचे माणूस. कारण कानडीत लिहायचं होतं आणि डॉक्टरांचं इंग्रजी अक्षर लागेना, म्हणून त्यांनी कागद नरसिंहरावांकडे दिला. नरसिंहरावांनी तो हात लांब धरून, दुकानात भाव सांगायच्या आवाजात, आधी कानडीत आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत वाचला.

"कारण. रुग्णाने स्वतःच्या मनाने, दोन महिने, जास्त प्रमाणात घेतलेल्या अँटिऑक्सिडंट गोळ्या."

बादल्यांत पाणी पडायचा आवाज येत राहिला. रांगेच्या तोंडाशी, पाइपाखाली बादली लावून सुचेता उभी होती.

"कुठल्या गोळ्या?" ती म्हणाली.

"तेजोकॅप," दत्ता जमिनीकडे बघत म्हणाला.

"माझ्या?"

"नाही, नाही! माझ्या वेगळ्या होत्या. ऑफिसात मागवायचो."

ह्या खुलाशाने प्रकरण सुधारलं नाही. दुसरा संसार उघडकीला आलेल्या माणसाकडे बघावं तसं सुचेताने त्याच्याकडे बघितलं. "सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?" ती म्हणाली आणि भरलेली बादली त्याच्या पायाशी ठेवून रिकाम्या हाताने जिना चढून गेली. नरसिंहरावांनी कागदाची व्यवस्थित घडी केली. त्यांनी चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं, असं दत्ताला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

रविकुमारांनी रकाना भरला, सील तोडलं, दत्ताशी हस्तांदोलन केलं आणि चहा न घेता गेले.

दत्ताने मनाशी एक समाधान करून घेतलं होतं: आपली अब्रू गेली, पण निदान त्या गोळ्यांचा धंदा तरी बसेल. त्याने तसं ग्रुपवर लिहिलंही, स्वतःच्या तळहाताचा फोटो जोडून. 'हा पाहा परिणाम.' लोकांनी तो फोटो पाहिला आणि त्यांना एवढंच कळलं, की ह्या गोळीचा परिणाम होतो. आजवर ती घेणाऱ्या कुणाला काही दिसलं नव्हतं. इथे तर नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. म्हणजे माल अस्सल आहे. शिवाय जो माणूस ह्या जगात कशावरच विश्वास ठेवत नाही, तो लपूनछपून खात होता, ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं? रविवारपर्यंत शाल्मलीच्या एकूणएक बाटल्या संपल्या. ती दुरुस्त झालेल्या लिफ्टमध्ये भेटली तेव्हा म्हणाली, "थँक यू हं काका," आणि त्यात कुजकेपणा औषधालाही नव्हता, हेच जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात लक्ष्मीदेवी डबा न्यायला आल्या. सुचेता अजून दत्ताशी कामापुरतंच बोलत होती, म्हणून दार त्यानेच उघडलं. अक्का सोफ्यावर टेकल्या आणि आपले दोन्ही तळहात त्याच्यासमोर धरले.

"अण्णा, बघा की. चार महिने झाले, एक दिवस चुकवली नाही. मला रंग का येत नाही?"

तिथे हसणारं कुणी नव्हतं, टाळ्या वाजवणारंही नव्हतं. दत्ताने वर्तमानपत्राच्या समासात आतड्याचं चित्र काढलं. गाजरातला रंग, त्याचं होणारं जीवनसत्त्व, ते काम करणारा पाचक रस, आईबापांकडून आलेली जनुकं, सगळं त्याने वीस मिनिटं, एकदाही खवचट न होता समजावून सांगितलं. इतकं चांगलं तो आयुष्यात बोलला नव्हता. अक्का पुराण ऐकावं तशा एकाग्रतेने ऐकत होत्या.

"म्हणजे हे ज्याच्या त्याच्या जन्मावर आहे," त्या म्हणाल्या.

"बरोबर."

"आपल्या हातात काही नाही."

"तसं बघितलं तर, नाही."

"म्हणजे नशीब लागतं."

दत्ताने चूक काढायला तोंड उघडलं. वाक्य डोक्यात उलटसुलट करून बघितलं. चूक सापडेना.

"हो अक्का," तो म्हणाला. "नशीबच लागतं."

"सरी," अक्का गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाल्या, "मग उद्यापासून मी दोन-दोन घेऊन बघते."